२८ बायका, १९ फोन : फुकटातली साधनं निवडताना केलेल्या नोंदी

राहते ठाण्यात, नौपाड्यात. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी बचत गटांना हिशेब शिकवते. या वेळी कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या तीन गटांसाठी चार रविवारांची कार्यशाळा ठरली. गटाची वही कशी लिहायची, कर्जावरचं व्याज कसं काढायचं, महिन्याचा हिशेब मोबाइलवर कसा ठेवायचा, एवढाच विषय. सगळ्याला मिळून ३,००० रुपये, त्यात प्रिंटा आणि चहा धरून. म्हणजे सॉफ्टवेअर फुकटच हवं. नोंदी त्या त्या दिवशी वहीत लिहिल्या होत्या. टाइप करताना शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत.

रविवार, १८ मे २०२५

सहकारी मैत्रीण आणि मी तलावपाळीला बसून वापरता येतील अशा साधनांची यादी केली. तासाभरात १४ नावं झाली : मूडल, गूगल क्लासरूम, मीट, झूम, जित्सी, काहूट, मेंटिमीटर, पॅडलेट, मिरो आणि आणखी काय काय. ती कॉलेजात शिकवते, तिच्याकडे मूडल, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर, रोजचं. म्हणाली, एकदा नीट बसवलं की सगळं एका जागी राहील. मलाही पटलं. वाया गेलेला आठवडा इथून सुरू होतो.

मंगळवार २० ते शुक्रवार २३ मे

चार संध्याकाळी मूडलला दिल्या. मार्टिन डूगियामास या ऑस्ट्रेलियन माणसाने ते बनवलं, पहिली आवृत्ती २००२ साली आली, आणि आजही ते उतरवून घ्यायला छदाम लागत नाही. पण फुकट मिळतं ते सॉफ्टवेअर. ते ठेवायला सर्व्हरवर जागा लागते. मैत्रिणीच्या एका जुन्या वेबसाइटची जागा पडून होती. तिथलं पीएचपी (मूडल ज्यावर चालतं ते) इतकं जुनं की दोन दिवस नुसते एरर वाचण्यात गेले. तिसऱ्या दिवशी बसलं. चौथ्या दिवशी मी हौसेने पहिला धडा चढवला आणि आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना म्हटलं, जरा तुमच्या फोनवर उघडून बघा.

मावशींचा फोन इथून पुढे वारंवार येणार आहे, म्हणून नीट सांगते. चार-पाच वर्षं जुना, काच वरच्या कोपऱ्यातून तडकलेली, ३२ जीबीतले ३० जीबी भरलेले, त्यातले निम्मे 'शुभ सकाळ'चे. मूडलने पासवर्ड मागितला : किमान आठ अक्षरं, त्यात एक मोठं, एक लहान, एक आकडा, एक चिन्ह. मावशींनी चष्मा वर सरकवला. "ताई, एवढं तर बँकेलाबी लागत नाही. आणि हे युझरनेम म्हंजी आधारवरचं नाव का?"

पासवर्डचा नियम सेटिंगमध्ये सैल करता येतो, तो केला. तरी प्रश्न तोच राहिला. चार रविवारांसाठी २८ खाती, २८ पासवर्ड, आणि विसरलेले पासवर्ड परत देत बसणारी मी एकटी. मूडलमध्ये खोट नाही. वर्षभराचा कोर्स असता, दोनशे मुलं असती, तर दुसरं काही शोधलंही नसतं. शनिवारी सकाळी ते काढून टाकलं. हिशेब : चार संध्याकाळी, साधारण ११ तास, शून्य उपयोग.

रविवार, २५ मे

हे काम १८ तारखेलाच करायला हवं होतं. वसाहतीत जाऊन फोन मोजले.

बायका २८. स्वतःचा स्मार्टफोन १९ जणींकडे. चौघींचा घरात सामायिक, म्हणजे दिवसा नवऱ्याकडे किंवा मुलाकडे. पाच जणींकडे बटणांचा. त्या १९ मध्येही ११ फोनांत नवं ॲप टाकायला जागा नाही. प्ले स्टोअरचा पासवर्ड बहुतेकींच्या मुलाला माहीत, त्यांना स्वतःला नाही. व्हॉट्सॲप मात्र १९ च्या १९ जणी सराईतपणे वापरतात, आणि यूट्यूब.

वाचता येणं हा वेगळा प्रश्न. पाच-सहा जणी अक्षर लावत वाचतात. आकडे सगळ्यांना येतात. चकल्यांचा धंदा करणाऱ्या एका मावशींना तर असे येतात की मी कॅल्क्युलेटर काढेपर्यंत त्यांचं उत्तर तयार.

घरी आल्यावर यादीवर काट मारायला बसले. नियम एकच : ज्याला ॲप लागतं किंवा बाईला स्वतःचं खातं उघडावं लागतं, ते बाद. १४ मधली ८ नावं पाच मिनिटांत गेली.

बुधवार, २८ मे

उरलेल्यांची छाननी. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

फळा : माझ्याकडे लॉकडाऊनमधले जॅमबोर्डवर केलेले हिशेबाचे फळे होते, तेच वापरू असं मनात. लिंक उघडली तर काहीच नाही. गूगलने जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केलं, आणि मी तेव्हाचे मेल न वाचता पुसले होते. ड्राइव्हमध्ये पीडीएफ उरल्यात, पण ते फोटो झाले, त्यांवर लिहिता-खोडता येत नाही. मिरोत फुकट तीनच फळे. एक्सकॅलिड्रॉ बरं वाटलं, खातं लागत नाही, लिंक उघडा आणि लिहा. शेवटी हॉलमधल्या भिंतीवरचा काळा फळा पाहिला आणि १० रुपयांची खडूची पेटी घेतली.

प्रश्नमंजुषा : काहूट घरीच खेळून पाहिलं, सासूबाई, जाऊ आणि मी. त्यात उत्तर जितक्या लवकर तितके गुण जास्त, वर घड्याळ आणि संगीत. प्रश्न मोठ्या पडद्यावर, फोनवर नुसते रंगीत चौकोन-त्रिकोण. सासूबाई दर वेळी पडदा वाचून मान खाली घालेपर्यंत वेळ संपायची. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी फोन ठेवून दिला आणि कुकर लावायला गेल्या. शाळकरी मुलांना हे आवडतं ते खरंच, पण अक्षर लावत वाचणाऱ्या बाईला घड्याळ लावून पळवायचं, हे मला जमणार नाही.

मेंटिमीटर दिसायला देखणं. फुकट खात्यात महिन्याला ५० सहभागी. माझ्या एका बॅचमध्ये २८, दुसरी बॅच ऑगस्टमध्ये ऐरोलीला. एकाच बॅचचे दोन रविवार धरले तरी भीती. पुढे पाहिलंच नाही.

गूगल फॉर्म्स : खातं न उघडता भरता येतो, प्रतिसादांना मर्यादा नाही, मराठी व्यवस्थित दिसतं. हेच ठरवलं. (१५ जूनची नोंद वाचेपर्यंत थांबा.)

रविवार, १ जून

मधल्या आठवड्यात संध्याकाळी एखादी ऑनलाइन बैठक घेऊ, असं डोक्यात होतं. झूम फुकटात ४० मिनिटं. मीटवर तीन किंवा जास्त माणसं असली की ६० मिनिटं, आणि ५५ व्या मिनिटाला सूचना येते की आवरा. जित्सीला वेळेची अशी कात्री नाही, पण २०२३ पासून बैठक सुरू करणाऱ्याला लॉगिन करावं लागतं, बाकीचे नुसत्या लिंकवर येतात. व्हॉट्सॲपवर एका कॉलमध्ये ३२ जण मावतात, आमच्या २८ साठी पुरे.

म्हणून व्हॉट्सॲप. मंगळवारी, १० तारखेला रात्री साडेआठची चाचणी जाहीर केली.

गुरुवार, ५ जून

दोन संध्याकाळी फॉन्टात गेल्या. एका संस्थेने त्यांची हिशेबाची जुनी पुस्तिका वापरायला दिली, ११ पानं, मजकूर चांगला. फाइल उघडली तर पडद्यावर मराठीऐवजी स्वल्पविराम, कंस आणि टोपीवाली इंग्रजी अक्षरं. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधली, युनिकोडच्या आधीची. इंटरनेटवरचं एक रूपांतर करणारं पान वापरलं, त्याने रफार जागचे हलवले आणि 'कर्ज'चं भलतंच काही केलं. हिशेबाच्या पुस्तिकेत कर्ज चुकीचं छापून कसं चालेल?

मग गूगल डॉक्समध्ये बोलून टाइप करायला घेतलं. मराठी बरंच बरोबर उतरतं. विरामचिन्हं आपली आपण घालायची, आणि 'तारण' म्हटलं की मधूनच 'तोरण' येतं. दोन रात्री बसून ११ पानं झाली. सकाळी मैत्रिणीला सांगितलं तर ती हसायलाच लागली. छापील पानाचा फोटो काढायचा, ड्राइव्हवर टाकायचा, त्यावर उजवी टिचकी मारून 'गूगल डॉक्समध्ये उघडा' म्हणायचं. फोटोतला मराठी मजकूर तो आपोआप अक्षरांत आणतो. मी एका पानावर करून पाहिलं. पाच-सहा चुका, दुरुस्तीसकट दहा मिनिटं. फोटोच द्यायचा मात्र. मूळ पीडीएफ दिली की आत दडलेली तीच टोपीवाली अक्षरं वर येण्याची भीती.

छपाईसाठी मुक्ता हा फॉन्ट घेतला. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा, मुक्त परवान्याचा, लहान आकारातही जोडाक्षरं स्वच्छ. झेरॉक्सवाल्याला वर्डची फाइल देऊ नका. त्याच्याकडे तो फॉन्ट नसतो आणि सगळं परत विस्कटतं. पीडीएफच द्या.

मंगळवार, १० जून

साडेआठच्या चाचणीला तीन जणी आल्या. एकीच्या मागे कुकरची शिट्टी, एकीचा फोन मुलाने ओढून घेतला. तिसरी म्हणाली, "मॅडम, आज वटपौर्णिमा. सगळ्या उपाशी आहेत, कोण येतंय?" स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे, माझ्या डोक्यापासून दीड फुटावर.

रात्रीची वेळच मुळात चुकीची आहे, सणाचं तर झालंच. त्या वेळी बाईच्या हातात लाटणं असतं आणि फोन दुसऱ्याच्या हातात. ऑनलाइन बैठका पूर्ण रद्द. त्यांच्यासाठी दोन रविवार साधनं तुलना करत बसले होते.

गुरुवार, १२ जून

हे एक काम पहिल्या फटक्यात झालं, म्हणून आनंदाने लिहितेय.

फोनवर काय दाबायचं ते शिकवायला लॅपटॉपचा पडदा दाखवून भागत नाही. प्रोजेक्टरवर फोनच दिसायला हवा. त्यासाठी एक मुक्त साधन आहे, नाव एस-सी-आर-सी-पी-वाय असं पाच-सहा व्यंजनांचं, म्हणायचं 'स्क्रीन कॉपी'. झिप उतरवायची, उघडायची, चालवायची. इन्स्टॉलसुद्धा नाही. फोन यूएसबी केबलने जोडायचा, त्यामुळे नेट असो नसो. फोनवर कुठलंही ॲप टाकावं लागत नाही.

आधी फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघडावे लागतात. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायची, मग यूएसबी डीबगिंग चालू करायचं. तिथेच आणखी एक खिट्टी आहे, बोट टेकेल तिथे पांढरा ठिपका दाखवणारी. ती जरूर चालू करा. मावशींना पोळ्या झाल्यावर बसवून दाखवलं. ठिपका नव्हता तेव्हा त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. ठिपका आल्यावर भिंतीकडे बघायला लागल्या.

काम झाल्यावर डीबगिंग परत बंद करा. याच फोनवर तुमचं यूपीआय आहे.

खर्च : लांब यूएसबी केबल २२० रुपये. पहिली केबल नुसती चार्जिंगची निघाली, डेटा जाईना. ती घरात चार्जिंगला लागली.

रविवार, १५ जून – पहिला वर्ग

मेगाब्लॉकच्या भीतीने ठाण्याहून एक गाडी आधीची पकडली, खांद्याला प्रोजेक्टर. पाऊस. हॉलवर पत्रा. पाऊस वाढला की माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता, मग व्हिडिओ कसला ऐकू येतोय? तीन व्हिडिओ तयार करून नेले होते, एकही लावला नाही.

२६ जणी आल्या. दाराशी फॉर्मचा क्यूआर कोड चिकटवला होता. पहिल्याच ताई थबकल्या. "क्यूआर स्कॅन केला की पैसे जातात ना? मुलाने सांगितलंय, कुठला पण कोड स्कॅन करायचा नाही." मागच्या चौघींनी माना डोलावल्या. पोरगं बरोबर सांगतंय. कोड काढून टाकला आणि विषय सोडून दहा मिनिटं त्यावरच बोललो : पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला म्हणजे आपल्या खात्यातून जाणार, आणि फसलोच तर १९३० वर लगेच फोन. त्या दिवसाचा सगळ्यात कामाचा भाग हाच झाला असावा.

मग फॉर्मची लिंक ग्रुपवर टाकली. त्यात शेवटी 'आपल्या वहीच्या पानाचा फोटो जोडा' असं ठेवलं होतं. इथे माझी सगळ्यात मोठी चूक. फॉर्ममध्ये फाइल जोडायचा एक जरी प्रश्न असला, तर संपूर्ण फॉर्म भरायलाच गूगलचं लॉगिन लागतं. माझ्या लॅपटॉपवर मी कायमच लॉगिन असते, त्यामुळे चाचणीत कळलंच नाही. वर मी 'एका व्यक्तीला एकच प्रतिसाद' हेही चालू ठेवलं होतं. त्यालाही लॉगिन लागतं, आणि सासू-सून एका फोनवर असल्या की दुसरीला दारातच अडवतं.

प्रतिसाद आले चार. ते चारही मुलींनी भरून दिलेले.

दुरुस्ती : तो प्रश्न आणि ती सेटिंग दोन्ही काढलं, फोटो व्हॉट्सॲपवर मागवले. फॉर्मची चाचणी ब्राउझरच्या गुप्त खिडकीत (इन्कॉग्निटो) करायची, म्हणजे आपलं लॉगिन आड येत नाही. हे मी वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने लिहून ठेवलंय. पण फॉर्म दुरुस्त झाला तरी नऊ जणींकडे वर्गात फोन नाहीच. त्या नऊ जणी शेजारणीच्या फोनात डोकावून बसल्या होत्या, आणि शेजारीण जे दाबेल ते त्यांचं उत्तर.

मंगळवार, १७ जून

मैत्रिणीने प्लिकर्स सुचवलं. कल्पना अशी : प्रत्येकीच्या हातात कागदाचं एक कार्ड. त्यावर क्यूआरसारखी काळी-पांढरी आकृती, प्रत्येकीची वेगळी. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. जे उत्तर द्यायचं ती बाजू वर करून कार्ड समोर धरायचं. शिकवणाऱ्याने आपला फोन वर्गावरून फिरवायचा, कॅमेरा सगळी कार्डं वाचतो. बायकांना फोन नको, खातं नको, नेट नको. एकच फोन, माझा.

कार्डांची पीडीएफ फुकट, ४० कार्डांचा संच, एका पानावर दोन. फुकट खात्यात एका संचात पाचच प्रश्न घालता येतात. मी दहा प्रश्न पाच-पाचच्या दोन संचांत विभागले.

हे मे महिन्यात यादीत का नव्हतं? कारण यादी करताना आम्ही दोघी आपापल्या फोनकडे बघत होतो.

शुक्रवार, २० जून

२८ कार्डं म्हणजे १४ पानं. प्रिंटा ७० रुपये. पावसात भिजू नयेत, चार रविवार टिकावीत म्हणून लॅमिनेशन करून घेतलं, कार्डाला २० रुपये. ५६० रुपये. चकचकीत, गुळगुळीत, मला फार आवडली.

रविवार, २२ जून – दुसरा वर्ग

५६० रुपये पाण्यात. हॉलमध्ये चार ट्यूबलाइट. लॅमिनेशनवर त्यांची पांढरी पट्टी पडते आणि कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. २७ पैकी ११ कार्डं वाचली. "जरा खाली धरा, जरा तिरकं, तुम्ही नाही हो, मागच्या ताई" असं करता करता दहा मिनिटं गेली. बायका हसून हसून बेजार. एकीने कार्डाने वारा घ्यायला सुरुवात केली. शेवटी दोन ट्यूब बंद केल्या तर १९ वाचली.

वाचलेल्यांतही घोळ. कार्ड धरताना बोटं आकृतीवर येतात, आणि एवढंसं बोट आलं तरी कार्ड बाद. कडेला धरायला शिकवावं लागतं. शिवाय कोपऱ्यातली पर्यायांची अक्षरं इंग्रजी आणि मुद्दामच बारीक छापलेली, शेजारणीला दिसू नयेत म्हणून. ती पुढच्या बाजूला, म्हणजे माझ्याकडे तोंड केलेली. धरणाऱ्या बाईला मागचा कोरा कागद दिसतो. प्रत्येक प्रश्नाला कार्ड उलटवून बघायचं, फिरवायचं, परत उलटवायचं.

पण एक गोष्ट झाली. एरवी तोंडी प्रश्न विचारला की तीन-चार जणी बोलतात, उरलेल्या पदर सावरत बसतात. आज सगळ्यांचे हात वर होते.

गुरुवार, २६ जून

नवी कार्डं. लॅमिनेशन नाही, जाड आणि मॅट कार्डशीटवर प्रिंट, पानाला १५ रुपये, एकूण २१०. मागच्या कोऱ्या बाजूला मी रात्री बसून स्केचपेनने मोठी मराठी अक्षरं काढली, चारी कडांना अ, ब, क, ड. पुढची बाजू बघायची, त्याच क्रमाने मागे लिहायचं. २८ कार्डं, ११२ अक्षरं. हात दुखला, पण समाधान वाटलं.

रविवार, २९ जून – तिसरा वर्ग

कार्डं सुरेख वाचली गेली. २६ पैकी २६, दोन वेळा फोन फिरवून. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'अ' होतं, २३ बरोबर. मी खूश.

दुसरा प्रश्न : गटातून ५,००० रुपये कर्ज घेतलं, महिन्याला शेकडा २ व्याज. पहिल्या महिन्यात व्याजासकट मुद्दलातले १,००० फेडले. दुसऱ्या महिन्याचं व्याज किती? अ – १०० रुपये, ब – ८०, क – २०, ड – १,०००. बरोबर उत्तर ब.

पडद्यावर निकाल : २१ जणी 'ड'.

हजार रुपये व्याज? गेला तासभर मी फळ्यावर हेच शिकवत होते. मी परत समजावायला सुरुवात केली, आवाजही जरा चढला. तेवढ्यात चकलीवाल्या मावशी उठून उभ्या राहिल्या, कार्ड माझ्यापुढे धरलं. "मॅडम, ऐंशीच होतात. मी ब धरलंय, हे बघा ब. तुमचा फोन काहीतरी चुकतोय."

फोन चुकत नव्हता. कार्ड उलटं केलं की वर-खाली तेच राहतं, पण डावं-उजवं बदलतं. मी पुढच्या क्रमाने मागे लिहिलं, त्यामुळे अ आणि क बरोबर, ब आणि ड अदलाबदल. २८ कार्डांवर २८ वेळा तीच चूक. बायकांनी गणित बरोबर केलं होतं, मी त्यांना चूक ठरवत होते.

जागीच पेनं वाटली आणि प्रत्येकीने आपापल्या कार्डावर ब खोडून ड, ड खोडून ब केलं. पाच मिनिटं. परत विचारलं : २२ बरोबर. मी माफी मागितली. मावशी म्हणाल्या, "असू दे, आमची पण वही अशीच खोडाखोडीची असते."

नीट करायचं असेल तर : कार्ड उजेडाकडे धरा, पुढचं अक्षर मागून जिथे दिसतं तिथेच, त्याच्या पाठीवर लिहा. क्रम मोजू नका.

बुधवार, २ जुलै

चौथा वर्ग ६ जुलैला असल्याचं ग्रुपवर टाकलं. दोन मिनिटांत उत्तर : "मॅडम त्या दिवशी आषाढी एकादशी आहे 🙏". खाली नऊ जणींचे हात जोडलेले. वसाहतीत सातारा, सांगलीकडची घरं, त्या दिवशी हॉल भजनाला लागतो. वर्ग १३ ला ढकलला. कालनिर्णय आता माझ्या लॅपटॉपच्या मागच्या भिंतीवर आहे.

मंगळवार, ८ जुलै

मधल्या वेळात तो न लावलेला व्हिडिओ कामाला आला. 'स्क्रीन कॉपी'तून फोनचा पडदा आणि ओबीएसमधून रेकॉर्डिंग, दोन्ही फुकट. चार मिनिटांचा व्हिडिओ ६० एमबीच्या वर गेला होता. मावशींच्या फोनात तो उतरेचना, जागा नाही. तुकडे केले, प्रत्येकी दीड मिनिटाच्या आत, एका तुकड्यात एकच काम. हँडब्रेक या व्हिडिओ लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढल्यावर तुकडा ६ ते ८ एमबीचा झाला. गाभ्यात काही फरक नाही, पडद्यावरचे आकडे वाचता येतात, तेवढं पुरे. मावशींच्या फोनात उतरला, म्हणून ग्रुपवर टाकला.

हिशेबाची शीट मात्र फोनवर शिकवायचा नाद सोडला. बारीक चौकोनात बोट नीट लागत नाही, आणि भलत्याच ठिकाणी टेकलं की सूत्र पुसतं. वही वहीतच लिहायची. महिनाअखेरीची बेरीज तेवढी प्रत्येक गटातल्या एकीने शीटमध्ये भरायची. तिघींना वेगळं बसवून शिकवलं, दोघींना जमलं.

रविवार, १३ जुलै – चौथा वर्ग

दुसऱ्या प्रश्नाला वीज गेली. प्रोजेक्टर बंद, पंखे बंद. बायका दाराकडे सरकून बसल्या. प्रश्न मी तोंडी वाचले, पर्याय दोनदा. दारातून येणारा पावसाळी उजेड कार्डं वाचायला पुरला, फोनवर माझाच डेटा. प्लिकर्स प्रोजेक्टरशिवाय चालतं, निकाल माझ्या फोनवर दिसत होता तो मी सांगत गेले. मॅट कार्डांना ट्यूबलाइट नसलेलीच जास्त मानवली.

व्याजाचा प्रश्न आकडे बदलून परत विचारला. २५ पैकी २४. चुकलेल्या ताई म्हणाल्या, मी नुकतीच आले, मला कार्डच उलटं दिलंत.

रविवार, २० जुलै

खर्च, कारण सगळ्या विचारतात. सॉफ्टवेअर शून्य. पुस्तिकेच्या झेरॉक्स ६१६, पहिली कार्डं ७० अधिक लॅमिनेशन ५६०, दुसरी कार्डं २१०, केबल २२० अधिक ती चार्जिंगवाली ९०, खडू १०, चार वेळचा चहा-बिस्कीट १,१२०. एकूण २,८९६. त्यातले ७२० माझ्या चुकांचे. गाडीभाडं स्वतःचं. तास मोजले तर मूडल ११, फॉन्ट ८, ऑनलाइन बैठकांची तुलना ५, आणि जे शेवटी वापरलं ते सगळं शिकायला मिळून जेमतेम ६.

रविवार, २७ जुलै

ऐरोलीची बॅच पुढच्या आठवड्यात. या वेळी आधी फोन मोजले : ३१ बायका, २४ फोन. तारखा कालनिर्णय समोर धरून, रक्षाबंधन आणि गणपती सोडून.

कार्डं कोपरखैरण्याहून परत आणायला गेले तर चकलीवाल्या मावशी देईनात. त्यांच्या गटात कर्ज कुणाला द्यायचं यावर दर महिन्याला दोघी-तिघीच बोलतात, बाकीच्या गप्प. त्यांना बैठकीत तीच कार्डं वापरायची आहेत. "तुमचा फोन नको," म्हणाल्या, "मी बघते कुणी काय वर केलंय." मी सांगितलं, अहो, पुढच्या आकृतीवरून डोळ्यांनी कळत नाही, अक्षर मागे असतं. त्या म्हणाल्या, मग मी मागे उभी राहते.

दहा कार्डं त्यांच्याकडे ठेवली. १८ घेऊन आले, म्हणजे ऐरोलीसाठी १३ नवी छापायची. १७ नंबरवर भज्यांचं तेल पडलंय. घरी आल्यावर तपासलं, फोन ते अजून वाचतो.